फाटकाची कडी कोणाच्या हाती? चीनमधील खाजगी बागांची सार्वजनिक उद्याने कशी झाली

अकराव्या शतकात, सुंग राजवटीच्या काळात, चीनमधल्या लोयांग शहरात एक रीत होती. वसंत ऋतू लागला की बड्या घराण्यांच्या खाजगी बागांची दारे काही दिवस सगळ्यांसाठी उघडी होत. बाग पाहून परतणारी माणसे माळ्याच्या हातावर थोडी नाणी ठेवत आणि त्या पैशांना, अगदी आपल्यासारखेच, 'चहापाण्याचे पैसे' म्हणत. हंगाम सरून दार पुन्हा बंद झाले की जमलेल्या रकमेचे दोन सारखे वाटे होत, एक माळ्याचा आणि एक मालकाचा. इतिहासकार आणि राजकारणी सिमा ग्वांग याचा माळी असाच एकदा दहा हजार नाणी घेऊन धन्यापुढे उभा राहिला, पण सिमा ग्वांगने त्यातले एक नाणेही घेतले नाही. पुढे दहाएक दिवसांनी त्याला बागेतल्या विहिरीवर एक नवी छत्री उभी असलेली दिसली. चौकशी केली तेव्हा कळले की त्याने नाकारलेल्या पैशांतूनच माळ्याने ती बांधून घेतली होती.

गंमत अशी की या बागेचे नाव होते 'एकट्याच्या सुखाची बाग'. वांग आनशी या मंत्र्याच्या सुधारणांना विरोध करून दरबारातून बाजूला झालेल्या सिमा ग्वांगने १०७३ मध्ये लोयांगला ही बाग केली आणि तिला हे नाव मुद्दाम दिले. चिनी वाचकाला त्या नावामागे चौदाएकशे वर्षांपूर्वीच्या तत्त्वज्ञ मेन्शियसचा आवाज लगेच ऐकू येई. एका राजाने मेन्शियसला विचारले होते की पूर्वीच्या 'वन' नावाच्या राजाचे उपवन सत्तर ली (ली हे अंतराचे चिनी माप) पसरलेले असूनही प्रजेला लहान वाटे, आणि माझे जेमतेम चाळीस ली असूनही लोकांना मोठे का वाटते? मेन्शियसचे उत्तर असे होते की वन राजाच्या उपवनात गवत कापणारे, लाकूडफाटा वेचणारे आणि ससे धरणारे सगळेच जाऊ शकत, म्हणून ते लोकांना लहान वाटे. तुमच्या उपवनात मात्र हरिण मारले तर माणूस मारल्याची शिक्षा होते, म्हणजे ते राज्याच्या मधोमध खणलेला चाळीस लीचा खड्डाच झाला, मग तो लोकांना मोठा वाटणारच. त्याच राजाला त्याने असेही विचारले होते की सुख एकट्याने भोगण्यात गोडी जास्त की दुसऱ्यांसह भोगण्यात? सिमा ग्वांगचे म्हणणे असे की लोकांसह सुख भोगणे हे राजेमहाराजांचे काम. माझ्यासारख्या सामान्याला, रानातल्या एका फांदीवर घरटे बांधणाऱ्या पाखराप्रमाणे, आपल्यापुरते सुख पुरे. असे म्हणणाऱ्याच्या बागेत दर वसंतात लोकांची रीघ लागत होती, हे सांगायला नको.

ही गोष्ट आधी सांगण्याचे कारण असे की चीनमधल्या सार्वजनिक उद्यानांचा इतिहास बहुधा एका वाक्यात उरकला जातो: एकोणिसाव्या शतकात युरोपीय लोक आले, त्यांनी आपल्या पद्धतीची उद्याने आणली आणि चिनी लोकांनी ती उचलली. यात तथ्य आहे, पण ते अर्धेच. परक्याच्या बागेत शिरून फुले पाहण्याची सवय चिनी शहरांना पार्क हा शब्द ऐकण्यापूर्वी निदान आठशे वर्षे होती. बदलले ते हे की दार उघडणे ही मालकाची मर्जी राहिली नाही. बागेत जाणे हा नागरिकाचा हक्क आहे, अशी कल्पना रुजली. आणि फाटकाची कडी एकाच्या हातातून सगळ्यांच्या हातात गेल्यावर बागेला स्वतःचा बांधाही बदलावा लागला, कारण ती मुळात मोजक्या माणसांसाठी बांधलेली होती.

खाजगी बाग म्हणजे नेमके काय, हे समजून घ्यायला सुझौ शहरासारखे दुसरे ठिकाण नाही. यांगत्झे नदीच्या खालच्या खोऱ्यातल्या या कालव्यांच्या शहरात रेशमाचा पैसा होता, पाणी मुबलक होते, जवळच्या ताय सरोवरातून भोके पडलेले, झिजलेले चुनखडीचे दगड मिळत, आणि राजदरबारातून निवृत्त झालेल्या, किंवा काढून टाकलेल्या, विद्वान अधिकाऱ्यांची तेथे वाण नव्हती. १०४५ च्या सुमारास असाच बडतर्फ झालेला कवी सू शुनछिन सुझौला आला आणि त्याने पाण्याकाठची एक पडीक जागा चाळीस हजार नाण्यांना विकत घेतली. तेथे त्याने एक मंडप बांधला आणि त्याला 'छांगलांग', म्हणजे निळसर लाटांचा मंडप, असे नाव दिले. त्याचा मित्र ओउयांग शिऊ याने त्यावर लिहिलेल्या कवितेतल्या एका ओळीचा पहिला अर्धा भाग आजही तेथील खांबांवर कोरलेला दिसतो. ती ओळ अशी: मंद वारा आणि स्वच्छ चांदणे यांना मुळात मोल नाही, पण अरेरे, ती अवघ्या चाळीस हजार नाण्यांना विकली गेली.

सुझौमधली सर्वांत प्रसिद्ध बाग याच्या पुष्कळ नंतरची, मिंग राजवटीतली. वांग श्येनचन नावाच्या अधिकाऱ्याने नोकरी सोडून १५०९ मध्ये तिची आखणी सुरू केली आणि तिला 'च्वोचंग युआन' असे नाव दिले. युआन म्हणजे बाग. जुन्या काळच्या एका कवीने म्हटले होते की मळ्याला पाणी घालणे आणि भाजी विकून पोट भरणे हाच आपल्यासारख्या साध्याभोळ्या माणसाचा राज्यकारभार. त्यावरून घेतलेल्या या नावाचा अर्थ 'साध्या माणसाच्या कारभाराची बाग' असा होतो. त्यात नम्रता आहे आणि दरबाराला मारलेला टोमणाही आहे. चित्रकार वन चंगमिंग हा मालकाचा मित्र. त्याने १५३३ मध्ये या बागेची एकतीस दृश्ये चितारून ठेवली, म्हणून ती मूळची कशी होती हे आपल्याला कळते. वांगच्या मुलाने मात्र ही बाग एका रात्रीत जुगारात घालवली, असे सांगतात. पुढे तिचे तुकडे झाले, हात बदलले, आणि १८६० मध्ये ताइपिंग बंडखोरांनी सुझौ घेतल्यावर त्यांचा सेनानी ली शिऊछंग येथेच राहायला आला.

या बागांची रचना समजली नाही तर पुढचे सगळेच कोडे राहते. आपल्याकडे बाग म्हटली की सरळ वाटा, वाफे आणि मध्ये कारंजे असे चित्र डोळ्यांपुढे येते. चिनी विद्वानाची बाग ही राहत्या घराचाच भाग असे. वाड्यात जसे चौकामागे चौक लागतात तशी ती एकामागून एक उलगडत जाते. पहिला नियम असा की दारातून आत येणाऱ्याला सगळे एकदम दिसता कामा नये. च्वोचंग बागेच्या जुन्या दारातून आत शिरताच समोर पिवळ्या दगडांचा कृत्रिम डोंगर आडवा येतो. त्याला वळसा घातल्यावरच तळे दिसते. दुसरा नियम असा की पाऊल पुढे पडले की देखावा बदलला पाहिजे, म्हणून पूल नागमोडी, पडव्या वळणाच्या, आणि भिंतींना ठिकठिकाणी जाळीचे झरोके. तिसरा नियम उसन्या देखाव्याचा. त्याच बागेत पूर्वेकडून तळ्यावर नजर टाकली तर दूर एक पॅगोडा पाण्यामागे उभा दिसतो, जणू बागेतच बांधलेला असावा. प्रत्यक्षात ते शहरातल्या उत्तरेकडच्या बौद्ध मंदिराचे शिखर आहे आणि बागेपासून बरेच लांब आहे. ची छंग नावाच्या कारागिराने १६३० च्या दशकात बागरचनेवर जो ग्रंथ लिहिला, त्यात या उसनवारीला त्याने फार वरचे स्थान दिले आहे. त्याचे सूत्र असे की बाग माणसाने केलेली असली तरी ती आपोआप घडल्यासारखी वाटली पाहिजे.

या सगळ्या युक्त्या लहान जागा मोठी भासवण्यासाठी आहेत, आणि त्या चालतात त्या बघणारा एकटा असेल तरच, फार तर त्याच्याबरोबर दोन मित्र असतील तर. याचा सर्वांत बोलका पुरावा च्वोचंग बागेच्या पश्चिम भागात आहे. हा भाग १८७७ मध्ये चांग ल्यूछ्येन या धनिकाने विकत घेतला आणि तळ्याच्या काठी पंख्याच्या आकाराचा एक चिमुकला मंडप बांधला. त्याचे छप्पर, खिडकी, दगडी मेज, बसायची जागा, सगळे काही उघडलेल्या हातपंख्याच्या आकाराचे आहे. मंडपाचे नाव आहे 'कोणाबरोबर बसू?' हे सू शी या कवीच्या ओळीतले शब्द आहेत, आणि प्रश्नाचे उत्तर त्याच ओळीत पुढे येते: चांदणे, वारा आणि मी. तीनच बैठकी, त्यांतल्या दोन अशा पाहुण्यांच्या ज्यांना जागा लागत नाही. अशा मंडपात सुट्टीच्या दिवशी शेकडो माणसे ओळीने फोटो काढून पुढे सरकतात तेव्हा त्या नावाचे काय होते, हा या सगळ्या विषयातला खरा कूटप्रश्न आहे.

आता पुन्हा दाराकडे वळू. खाजगी बागांप्रमाणे राजाच्या बागाही अधूनमधून उघडत. सुंग राजधानी काईफंगच्या पश्चिमेला चिनमिंग नावाचे राजतडाग होते. दर वर्षी तिसऱ्या चांद्रमासाच्या पहिल्या दिवसापासून चौथ्या महिन्याच्या आठव्या दिवसापर्यंत तेथे कोणालाही जाता येई. नौकांच्या शर्यती होत, खाद्यपदार्थांची दुकाने लागत. अधिकाऱ्यांनीही संकोच बाळगू नये म्हणून, येथे मौज करायला आलेल्यांवर आरोप ठेवले जाणार नाहीत, अशी पाटी खुद्द अधिकाऱ्यांवर देखरेख ठेवणारे दरबारी कार्यालयच लावत असे. तारखा ठरलेल्या, हंगाम ठरलेला, आणि तो संपला की कडी पुन्हा राजाच्या हातात. मला हे लोयांगच्या रीतीचेच सरकारी रूप वाटते.

शांघायची यू बाग यापुढची पायरी दाखवते. पान युनद्वान या अधिकाऱ्याने आपल्या म्हाताऱ्या वडिलांना आनंद व्हावा म्हणून १५५९ मध्ये ती करायला घेतली. नावातल्या 'यू' या अक्षरात तोच अर्थ आहे. काम पुरे व्हायला वीसएक वर्षे लागली आणि तोवर घराण्याची तिजोरी बरीचशी रिकामी झाली. बाग पडीक झाली. १७६० मध्ये शहरातल्या व्यापारी आणि प्रतिष्ठित मंडळींनी वर्गणी काढून ती विकत घेतली, वीसहून अधिक वर्षे खपून दुरुस्त केली आणि शेजारच्या नगरदेवतेच्या मंदिराला जोडून दिली. देवळाची बाग झाल्यामुळे लोकांचा वावर आपोआप वाढला. पुढे वेगवेगळ्या धंद्यांच्या पंचायतींनी तिचे कोपरे आपापल्या कचेऱ्यांसाठी घेतले, सभोवती बाजार भरू लागला आणि तळ्यातल्या मंडपाचे १८५५ मध्ये चहाचे दुकान झाले. ही मालकी एका माणसाची नव्हती आणि सरकारचीही नव्हती. ती पंचांची होती. आज तिकीट काढून जी यू बाग आपण पाहतो ती भिंतीआड आहे, पण तो चहाचा मंडप आणि त्याच्याकडे जाणारा नऊ वळणांचा पूल भिंतीबाहेर बाजारात उभे आहेत, म्हणजे मूळ बागेचा एक तुकडा कायमचाच चव्हाट्यावर आला. आत मात्र पान घराण्याचा लाडका 'यूलिंगलोंग' हा सुमारे तीन मीटर उंचीचा दगड अजून आहे. त्याच्या तळाशी उदबत्ती लावली तर धूर सगळ्या भोकांतून बाहेर पडतो आणि माथ्यावर पाणी ओतले तर प्रत्येक भोकातून धार लागते, असे त्याचे कौतुक पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते.

युरोपीय उद्यान चीनमध्ये आले ते याच शहरात, आणि तेही दार बंद ठेवूनच. १८६८ मध्ये शांघायच्या परकीय वसाहतीने नदीकाठी 'पब्लिक गार्डन' उघडले. नाव सार्वजनिक, पण चिनी माणसाला प्रवेश नाही. गोऱ्यांच्या मुलांना फिरवणाऱ्या आया तेवढ्या अपवाद. वसाहतीच्या नगरपालिकेला कर भरणाऱ्यांत चिनी लोक बहुसंख्य होते, तरीही. 'कुत्रे आणि चिनी यांना मज्जाव' अशी पाटी तेथे होती, असे नेहमी सांगितले जाते. नियमफलकावर कुत्रे आणि सायकली यांना बंदी करणारे एक कलम होते आणि बाग परदेशी समाजासाठी राखीव असल्याचे दुसरे कलम होते; दोन्ही एका वाक्यात नव्हती. मात्र अपमान दोन कलमांत विभागला म्हणून तो कमी होत नाही. १८८५ मध्ये शहरातल्या चिनी व्यापाऱ्यांनी नगरपालिकेला पत्र लिहून या बंदीला हरकत घेतली. १८९० मध्ये त्यांच्यासाठी जवळच्या ओढ्याकाठी एक वेगळी, पुष्कळ लहान बाग केली गेली. नदीकाठच्या मूळ बागेचे दार चिनी नागरिकांसाठी उघडायला १९२८ साल उजाडावे लागले.

याच १८८५ मध्ये शांघायात दुसरे एक दार उघडले, आणि माझ्या मते या गोष्टीतले खरे वळण तेच आहे. चांग शूहे या व्यापाऱ्याने तीन वर्षांपूर्वी एका इंग्रजाची बाग विकत घेतली होती. ती त्याने वाढवली आणि लोकांसाठी खुली केली. तिचे औपचारिक नाव काव्यमय होते, पण लोक तिला नुसते 'चांग युआन', म्हणजे चांगची बाग, म्हणत. येथे चिनी पद्धतीचे तळे आणि पूल होते आणि त्यांच्याजवळ इंग्रजी पद्धतीची मोठी हिरवळ होती. १८९३ मध्ये एक दुमजली पाश्चात्त्य धाटणीची इमारत उभी राहिली, जिच्यात हजाराहून अधिक माणसे मावत. लोक येथे चहा घेत, छायाचित्रे काढून घेत, विजेचे दिवे पाहत, सायकल शिकत. १९०१ मध्ये मांचुरियावर हक्क सांगणाऱ्या रशियाविरुद्ध जाहीर सभा येथेच भरली आणि त्यानंतर चांग युआन हे शांघायच्या राजकीय भाषणांचे ठिकाण झाले. शहरात अशा आणखी बागा होत्या. त्यांतल्या श्यू बागेत ऑगस्ट १८९६ मध्ये चीनमधला चित्रपटाचा पहिला खेळ झाल्याची नोंद आहे.

या बागा कागदोपत्री खाजगी आणि चालवल्या जात नफ्यासाठी. तरीही नगरपालिकेच्या 'सार्वजनिक' बागेत ज्यांना पाऊल ठेवता येत नव्हते, त्यांना उघड्या हवेत एकत्र येण्याची, अनोळखी माणसाचे भाषण ऐकण्याची, स्त्रियांनी गाडीतून उतरून चारचौघांत चहा पिण्याची जागा याच बागांनी दिली. चांग युआन १९१८ च्या सुमारास बंद पडली आणि तिच्या जमिनीवर चाळीवजा वस्ती उभी राहिली, कारण मालक विकायला मोकळा होता. खाजगी औदार्यावर उभ्या असलेल्या सार्वजनिकतेची ही मर्यादा.

ती मर्यादा ओलांडायला एक शब्द लागला. चिनी भाषेत 'गोंगयुआन' हा शब्द जुनाच होता, पण त्याचा अर्थ होता सरकारी मालकीची बाग. जपानने १८७३ च्या एका हुकमाने देवळांची आणि जुनी रमणीय स्थळे लोकांसाठी राखली आणि त्यांना हेच दोन अक्षरी नाव दिले. जपानी उच्चार 'कोएन'. हा नवा अर्थ घेऊन शब्द विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर चीनमध्ये परतला. गेला तेव्हा 'सरकारचे' होते, आले तेव्हा 'सर्वांचे' झाले होते. १९०५ मध्ये छिंग दरबाराने परदेशी राज्यव्यवस्था पाहण्यासाठी पाठवलेले अधिकारी द्वानफांग आणि दाई होंगत्स यांनी पुढच्या वर्षी परतल्यावर दरबारापुढे शिफारस ठेवली की ग्रंथालय, संग्रहालय, प्राणिसंग्रहालय आणि उद्यान या चार गोष्टी प्रजेसाठी कराव्यात. उद्यान आता मौजेची वस्तू राहिली नव्हती. लोकशिक्षणाचे साधन म्हणून ते ग्रंथालयाच्या पंगतीला बसले होते.

वूशी शहराने मात्र दरबाराची वाट पाहिली नाही. १९०५ मध्ये तेथल्या काही प्रतिष्ठित नागरिकांनी शहराच्या मध्यभागी असलेल्या लहानसहान पडीक खाजगी बागा एकत्र करून एक उद्यान केले. वूशीकर त्याला नुसते 'सार्वजनिक फुलबाग' म्हणत आणि चिनी लोकांनी स्वतः केलेले देशातले पहिले उद्यान म्हणून त्याचा मान आजही सांगतात. त्याच शहरातल्या रोंग बंधूंनी, म्हणजे पुढे पीठगिरण्या आणि कापडगिरण्यांमुळे देशभर माहीत झालेल्या उद्योजकांनी, १९१२ मध्ये टेकडीवर जागा घेऊन मेई नावाच्या फुलझाडांची बाग लावली आणि ती पहिल्यापासून लोकांसाठी उघडी ठेवली. धाकटे बंधू रोंग दशंग यांनी त्या बागेसाठी केलेल्या दोन ओळींत 'सर्वांसह विहार आणि आनंद' असे शब्द आहेत. मेन्शियसने राजाला दिलेला सल्ला आता एक गिरणीमालक स्वतःला लावून घेत होता. 'एकट्याच्या सुखाची बाग' हे नाव त्याला शोभले नसते. १९५५ मध्ये ही बाग घराण्याने सरकारला दिली.

बीजिंगची गोष्ट वेगळी आहे, कारण तेथे सर्वांत मोठा खाजगी मालक सम्राट होता. १९१२ मध्ये सम्राट पदच्युत झाला आणि शहराच्या ऐन मध्यभागी प्रचंड बंदिस्त जागा अचानक निर्हेतुक झाल्या. प्रजासत्ताकाचे गृहमंत्री चू छीछ्येन यांनी त्यातली एक निवडली: भूमी आणि धान्य यांच्या देवतांची वेदी. पाच दिशांच्या पाच रंगांच्या मातीने भरलेली ही चौकोनी वेदी राजवाड्याला लागून आहे, भोवती शतकानुशतके जुने सायप्रस वृक्ष आहेत, आणि सम्राट वर्षातून मोजक्या दिवशीच तेथे पूजेला येई. अधिकारी आणि व्यापारी यांच्याकडून वर्गणी जमवून तेथे झाडी साफ केली, रस्त्याच्या बाजूने नवे दार पाडले आणि १० ऑक्टोबर १९१४ रोजी 'मध्य उद्यान' उघडले. पुढे प्रजासत्ताकाचे संस्थापक सुन यत्-सेन यांचे पार्थिव १९२५ मध्ये येथेच दर्शनासाठी ठेवले होते, म्हणून १९२८ मध्ये त्याला त्यांचे नाव मिळाले. उपाहारगृहे, चहाच्या जागा, ग्रंथवाचनाची सोय, खेळाची मैदाने असे सगळे तेथे एकेक करून आले. १९२१ मध्ये नव्या साहित्याची मोठी संघटना तेथल्याच एका चहाघरात स्थापन झाली. जाळून बेचिराख केलेल्या जुन्या ग्रीष्मप्रासादातला 'निळ्या ढगाचा तुकडा' नावाचा प्रसिद्ध दगड १९२५ मध्ये या उद्यानात आणून बसवला गेला. ज्या दगडापुढे कधी काळी सम्राट उभा राहत असे, त्यापुढे आता तिकीट काढून आलेला कारकून उभा राहू लागला. त्याच वर्षी बैहाय हे राजसरोवरही उघडले.

येथे जरा थांबून एक योगायोग सांगितला पाहिजे. राजाची वेदी लोकांना उघडून देणाऱ्या याच चू छीछ्येन यांनी पुढे चिनी वास्तुशास्त्राच्या अभ्यासासाठी एक मंडळ स्थापन केले, आणि १९३० च्या दशकाच्या आरंभी त्या मंडळाने ची छंगचा बागरचनेवरचा ग्रंथ पुन्हा छापला. हा ग्रंथ चीनमध्ये जवळजवळ तीनशे वर्षे विस्मृतीत गेला होता. मूळ पाठ जपानमधल्या प्रतींवरून मिळवावा लागला. म्हणजे खाजगी बागेचा जमाना संपवायला हातभार लावणाऱ्या माणसानेच तिची विद्या मरू दिली नाही.

सुझौच्या बागा या काळात हलाखीत होत्या. ल्यू बागेचे हाल सर्वांत वाईट झाले: युद्धाच्या धामधुमीत तेथे लष्कराची घोडी बांधली गेली, आणि मुख्य दिवाणखान्याचे सुगंधी लाकडाचे खांब घोड्यांनी कुरतडून मध्येच डमरूसारखे बारीक करून टाकले. १९४९ नंतर नव्या सरकारने या बागा एकेक करून ताब्यात घेतल्या. काही घराण्यांनी त्या दान केल्या, आणि अशा वेळी दान आणि सक्ती यांतली रेषा नेहमीच स्वच्छ नसते. च्वोचंग बाग दुरुस्त होऊन १९५२ मध्ये उघडली, ल्यू बाग १९५४ च्या पहिल्या दिवशी. शहरात अजून जुने कारागीर हयात होते, म्हणून हे जमले; दगडी डोंगर रचणारे आणि जाळ्या कोरणारे हात आणखी वीस वर्षांनी मिळाले नसते.

पण उघडलेल्या बागेत माणसे मावायची कशी? च्वोचंग बागेने दिलेले उत्तर आज तेथे जाणाऱ्या प्रत्येकाच्या पायाखाली असते, फक्त सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. आज पाहुणा आत येतो तो पूर्वेकडच्या भागातून. हा भाग सतराव्या शतकात एका वेगळ्या मालकाचा होता आणि पुढे उजाड झाला होता. १९५० च्या दशकात तो नव्याने केला गेला तेव्हा जुने नकाशे गिरवण्याऐवजी तेथे सपाट हिरवळ, मोकळे झाडांचे पुंजके, रुंद वाटा आणि एक चहाघर अशी रचना केली. म्हणजे दारातून आत येताच समोर आडवा डोंगर नाही, सगळे काही खुले; हे उद्यानाचे व्याकरण आहे. येथे गर्दी पसरते, मुले धावतात, मार्गदर्शक आपापले गट जमवतात. मग एक भिंत लागते, तिच्या जाळीतून पाणी चमकते, आणि दार ओलांडले की आपण विद्वानाच्या बागेत असतो. एकाच कुंपणात, दोनशे पावलांच्या अंतरावर, बाग आणि उद्यान अशी दोन्ही उभी आहेत. काही जाणकारांना ही हिरवळ विसंगत वाटते. मला ती प्रामाणिक वाटते, कारण गर्दी येणार हे तिने मान्य केले आहे.

जुनी बाग ताणून सबंध उद्यान करण्याचा प्रयोग हांगझौला झाला. पश्चिम सरोवराच्या काठी 'फुलांच्या खाडीवर मासे पाहणे' नावाचे एक प्रसिद्ध स्थळ आहे. मूळ जागा दक्षिण सुंग काळातल्या एका दरबारी अधिकाऱ्याची खाजगी बाग होती, पण विसाव्या शतकात तेथे एक लहान तळे, एक शिलालेख आणि थोडी जमीन एवढेच उरले होते. १९५२ पासून स्थपती सुन श्याओश्यांग यांनी त्याभोवती सुमारे वीस हेक्टरचे उद्यान आखले. चिनी बागेतून त्यांनी वळणे, लपवाछपवी आणि पाण्याकाठचे मंडप घेतले. इंग्रजी उद्यानातून विस्तीर्ण उतरती हिरवळ घेतली. त्या हिरवळीच्या कडेने उभे आहेत आपल्या हिमालयातले देवदार. माशांचे तळे आजही आहे, पण आता त्याच्या कठड्यावर एकाच वेळी शेकडो मुले वाकून उभी राहू शकतात आणि तरीही मागच्या टेकडीवरच्या मंडपात निवांत बसता येते. चिनी उद्यानकलेत खाजगी आणि सार्वजनिक यांचा सांधा इतका बेमालूम क्वचितच जुळला असेल.

शहरोशहरी मग 'जनउद्याने' झाली. शांघायच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावरही १९५२ मध्ये असे एक झाले. सोव्हिएत पद्धतीची नाट्यगृहे, खेळण्याच्या जागा आणि ध्वनिवर्धक त्यांत आले. पहाटे ताय-ची करणारे, पक्ष्यांचे पिंजरे झाडाला टांगून गप्पा मारणारे, पाण्यात बुडवलेल्या मोठ्या कुंचल्याने फरसबंदीवर अक्षरे काढणारे म्हातारे, ही आजच्या चिनी उद्यानातली नेहमीची दृश्ये त्यानंतरची. ही सगळी मंडळी एकट्याच्या सुखासाठीच येतात, फक्त शेजारी दुसरे शंभरजण तेच करत असतात.

राहिला प्रश्न पैशांचा. १९९७ मध्ये सुझौच्या चार बागा आणि २००० मध्ये आणखी पाच जागतिक वारशाच्या यादीत गेल्या, पर्यटक वाढले, तिकिटे महागली आणि मोठ्या सुट्ट्यांत प्रवेशाच्या वेळा आधी राखून ठेवण्याची पद्धत आली. लोयांगच्या माळ्याच्या हातावरची नाणी अशा रीतीने खिडकीपाशी पोहोचली. हांगझौने मात्र उलट वाट धरली. २००२ पासून तेथल्या नगरपालिकेने पश्चिम सरोवराभोवतीच्या काठावरच्या उद्यानांची कुंपणे पाडली, तिकिटे बंद केली आणि 'सरोवर लोकांना परत' असे त्याला नाव दिले. सरोवराला ते जमते, कारण त्याचा काठ मैलोन्‌मैल आहे. पंख्याच्या आकाराच्या मंडपाला ते जमणार नाही. दार सगळ्यांना उघडे ठेवून एका वेळी आत थोडेच सोडायचे, ही वेळ ठरवून दिलेल्या तिकिटाची युक्ती रूक्ष आहे खरी, पण मर्जी आणि मोकाट गर्दी यांच्यामधला सध्या हाताशी असलेला तोच एक मार्ग आहे.

सू शुनछिनच्या छांगलांग मंडपाची बाग वारसायादीतल्या या नऊपैकी एक. तीही तिकीट काढूनच पाहावी लागते. पण तिची रचना इतर बागांपेक्षा उफराटी आहे: इतरांचे पाणी भिंतीआड असते, हिचे पाणी भिंतीबाहेर रस्त्याच्या कडेने वाहते आणि आत जायला त्यावरून पूल ओलांडावा लागतो. पाण्याकाठी दुहेरी पडवी आहे, मध्ये भिंत आणि भिंतीत एकासारखे दुसरे नाही असे जाळीचे झरोके. आतल्या माणसाला त्यांतून बाहेरचे पाणी दिसते. आणि पलीकडच्या काठावरून चालणाऱ्याला, भाजीची पिशवी हातात घेऊन घरी निघालेल्या माणसालासुद्धा, ती पडवी, ते झरोके आणि त्यामागची झाडी पाण्यात पडलेल्या प्रतिबिंबासकट दिसते. त्यासाठी त्याच्याकडे चाळीस हजार नाणी कोणी मागत नाही, आणि तिकीटही.